तालुक्याच्या संकुलात आंतरविद्यापीठ बास्केटबॉल झेपेल का? जमीन, छप्पर, वीज आणि गाद्यांसकट परीक्षण

निकाल आधीच सांगतो. पश्चिम विदर्भातल्या ज्या तालुका क्रीडा संकुलाचं हे परीक्षण आहे, तिथं रिंगचे स्टँड तेवढे बदलले तर आठ संघांची बास्केटबॉल स्पर्धा आहे त्या स्थितीत होऊ शकते. सोळा संघांची अखिल भारतीय फेरी घ्यायची तर तीन कामं आधी करावी लागतील: मैदानाची दक्षिण कड उकरून नव्यानं भरणं, मैदानावर छप्पर आणि दिवे बदलणं. पश्चिम विभागाची, म्हणजे देशाच्या पश्चिम भागातल्या विद्यापीठांची, पूर्ण स्पर्धा मात्र इथं मागू नये. त्यात कमीपणा काही नाही, हिशेबच तसा आहे आणि तो पुढे मांडला आहे.

गाव पस्तीस-चाळीस हजार वस्तीचं. जिल्ह्याचं ठिकाण तासाभरावर, मुंबई-हावडा मार्गावरचं मोठं स्टेशन दीड तासावर. संकुल बसस्टँडपासून पायी वीस मिनिटं. आत ४०० मीटरची मातीची धावपट्टी, बॅडमिंटनचा बंद हॉल, व्यायामशाळा, कुस्तीच्या मॅटची खोली, चाळीस मुलांची निवासाची सोय आणि उघड्यावरचं ॲक्रिलिक रंगाचं बास्केटबॉल मैदान. शेजारच्या तालुक्यांतही थोड्याफार फरकानं हेच दिसतं, त्यामुळे इथली मापं आपल्या गावच्या संकुलालाही लावून पाहता येतील.

तालुक्यात स्पर्धेचा विषय निघाला की पहिली मागणी गॅलरीची होते. दोन हजार माणूस बसायला हवं, स्टेज हवं, स्वागतकमान हवी. आमचं मत स्पष्ट आहे. बास्केटबॉलची स्पर्धा गॅलरीअभावी अडत नाही, पायाखालची जमीन ओली झाली की अडते. पैसा कमी असेल तर तो सगळा जमीन, छप्पर आणि दिव्यांत घालावा.

आता हिशेब. सामना घड्याळानं ४० मिनिटांचा, दहा-दहा मिनिटांचे चार भाग. मध्यंतर १५ मिनिटं, बाकीच्या दोन विश्रांत्या दोन-दोन मिनिटांच्या. पण फाउल, टाइम आउट, फ्री थ्रो यांत घड्याळ थांबत राहतं, म्हणून प्रत्यक्षात दीड तास जातो. पुढच्या संघाला सरावासाठी १५ मिनिटं द्यायलाच हवीत. म्हणजे एका सामन्याला पावणेदोन तास धरा. याहून कमी धरून कार्यक्रम पत्रिका छापली की दुपारपर्यंत तासभर उशीर झालेला असतो आणि त्याची शिक्षा संध्याकाळच्या संघांना भोगावी लागते.

विभागीय स्पर्धा साधारणपणे आधी बाद फेरी आणि शेवटच्या चार संघांची साखळी अशी होते. ४८ संघ आले असं धरलं, तर चार उरेपर्यंत ४४ सामने आणि साखळीचे ६, एकूण ५०. या मैदानावर दिवसाला पाच सामने नीट होतात, म्हणजे दहा दिवस. एवढे दिवस एवढी माणसं ठेवणं कोणत्याही तालुक्याला जमणार नाही. दोन-तीन मैदानं एका आवारात किंवा जवळजवळ असतील तरच ते साधतं, म्हणजे अमरावती किंवा नागपूर. सोळा संघांचं गणित वेगळं आहे. चार-चारचे चार गट केले तर गटसाखळीचे २४ सामने, मग उपउपांत्य ४, उपांत्य २, तिसऱ्या जागेचा एक आणि अंतिम, असे ३२. दिवसाला पाच सामन्यांच्या गतीनं, उपांत्य आणि अंतिम सामन्यांना स्वतंत्र दिवस धरून, आठ दिवस. छप्पर आणि दिवे झाले, दिवसाला सात सामने घेता आले, तर हीच स्पर्धा सहा दिवसांत बसते.

पाचच सामने का, हे समजायला मैदानाकडे यावं लागतं.

बंद हॉल आहे ना, मग तिथंच का नाही? मैदान रेषांच्या आत २८ बाय १५ मीटर लागतं आणि चारही बाजूंनी दोन-दोन मीटर मोकळी जागा. म्हणजे भिंतीपासून भिंतीपर्यंत किमान ३२ बाय १९. इथला हॉल २४ बाय १८ आहे. तीन बॅडमिंटन कोर्ट शेजारी-शेजारी बसवले की साधारण हेच माप येतं. उंचीला अडचण नाही, बास्केटबॉलला सात मीटर मोकळी उंची पुरते. लांबी आठ मीटर आणि रुंदी एक मीटर कमी पडते आणि ती भिंती पाडल्याशिवाय मिळत नाही. ज्या तालुक्यात हॉल अजून कागदावर आहे तिथल्या समितीनं एवढं करावं: लांबी ३४ मीटर आणि रुंदी किमान १९ मीटर मागावी. बॅडमिंटन, व्हॉलीबॉल, कबड्डी सगळं त्यात बसतं. आखूड हॉलमध्ये बास्केटबॉल पुढे कधीच बसवता येत नाही.

राहिलं उघडं मैदान. आखणी चांगली आहे, टेप लावली की कळतं. रेषा पाच सेंटिमीटरच्या, थ्री पॉइंटची कमान ६.७५ मीटरवर, फ्री थ्रोची रेषा बोर्डाच्या तोंडापासून ४.६० मीटर. दिशा उत्तर-दक्षिण आहे, तीही बरोबर. उतार रुंदीला दिला आहे, मीटरला एक सेंटिमीटर. हे नमूद करण्याचं कारण असं की लांबीला उतार दिलेली मैदानंही आहेत. तिथं एक संघ चढावर धावतो, एक उतारावर आणि एका रिंगकडे पाणी साचतं.

दोष आहे तो दक्षिणेच्या कडेला. टोकाच्या रेषेपासून सव्वा मीटर आत एक लांब भेग गेली आहे, सहा-सात मिलिमीटर रुंद, आणि तिच्या दोन बाजूंच्या पातळीत चार मिलिमीटरचा फरक. अगदी रिंगखालच्या रंगीत पट्ट्यातून ती जाते, जिथं सगळ्यांत जास्त उड्या पडतात. कारण काळ्या जमिनीत आहे. भारी माती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. एप्रिल-मे महिन्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तीच माती या काँक्रीटखाली आहे. मैदानाच्या मध्यभागाखाली ओल वर्षभर जवळपास सारखी राहते, कडांखाली मात्र दर पावसाळ्यात भरते आणि दर उन्हाळ्यात सुकते. त्यामुळे मधलं काँक्रीट जागेवर राहतं, कड वर-खाली होते आणि कडेला समांतर भेग पडते. इथं त्यात पाण्याच्या टाकीच्या ओव्हरफ्लोची भर पडली आहे. तो पाइप नेमका त्याच बाजूला मोकळा सोडलेला आहे.

ही भेग सिमेंट किंवा डांबर भरून वरून रंग मारल्यानं जात नाही. एक पावसाळा गेला की ती पुन्हा वर येते, कारण खालची माती तीच असते. करायचं काम असं. टाकीचा पाइप आधी नालीला जोडा. मग दक्षिणेचा चार मीटरचा पट्टा कापून काढा. ९० सेंटिमीटर खोल काळी माती उपसा. मुरूम १५-१५ सेंटिमीटरच्या थरांनी भरा आणि प्रत्येक थरावर पाणी मारून रोलर फिरवा. एकदम भरून वरून एकच रोलर फिरवला तर खालचा मुरूम सैल राहतो आणि दोन वर्षांत खड्डा पडतो. त्यावर जाड प्लास्टिकचा कागद, त्यावर १५ सेंटिमीटर काँक्रीट. जुन्या-नव्या काँक्रीटच्या मध्ये जोड सोडा, तो रिंगखाली येणार नाही अशा बेतानं. चारही बाजूंनी दीड मीटर रुंदीचा फरसबंद पट्टा आणि त्यापलीकडे नाली, म्हणजे पावसाचं पाणी कडेखाली मुरणार नाही.

काँक्रीट २८ दिवस मुरू द्या, गोणपाट ओलं ठेवून. घाई करून ओल्या काँक्रीटवर ॲक्रिलिक मारलं की आतली वाफ वर यायला वाट शोधते आणि रंगाला फुगे धरतात. ते बुटाखाली फुटतात आणि पापुद्रे निघतात. म्हणून काँक्रीट जानेवारी-फेब्रुवारीत आणि रंग मार्चमध्ये, ऊन चाळिशी गाठायच्या आत. मग एक पावसाळा जाऊ द्या. दिवाळीनंतर मैदानावर पाणी ओतून तासाभरानं बघा. जिथं रुपयाचं नाणं बुडेल एवढं पाणी साचून राहिलं असेल तिथं खडूनं गोल करा आणि तेवढीच जागा समतल करून घ्या.

काँक्रीटला हात लावायचा नसेल तर वरून प्लास्टिकच्या जोडटाइल्स टाकण्याचा पर्याय काही जण सुचवतात. बारीक भेगा त्या झाकतात, पाणी खालून निघून जातं, गुडघ्यांना आराम पडतो. पण पातळीतला फरक त्या झाकत नाहीत, तिथं चेंडू मेलेला उठतो. दुसरं, विदर्भाच्या उन्हात टाइल प्रसरण पावते. कडेला जागा न सोडता भिंतीपर्यंत घट्ट बसवली तर मे महिन्यात मध्येच कमान धरून वर येते. टाइल्सखाली कापसाची धूळ आणि माती जमते ती निराळीच. शाळेच्या सरावाला चालतील, आंतरविद्यापीठाला आम्ही सुचवणार नाही.

चेंडूची चाचणी कोणालाही करता येते. सात नंबरचा चेंडू १.८० मीटरवरून सोडायचा, तो साधारण मीटरभर वर यायला हवा. मैदानावर वीस ठिकाणी सोडून पाहा. उत्तरेला आणि मध्यभागी इथं तो सगळीकडे सारखा उठतो. भेगेच्या आसपास तळहातभर कमी.

आता छप्पर. स्पर्धा डिसेंबरच्या आसपास धरली आहे आणि डिसेंबरमध्ये आपल्याकडे दुपारचा सूर्य डोक्यावर नसतो. तो दक्षिणेला, क्षितिजापासून ४५ अंशांच्या आसपास असतो. दक्षिणेच्या रिंगवर नेम धरणाऱ्याच्या थेट डोळ्यांत. अकरा ते दीड या वेळात त्या बाजूला फ्री थ्रो मारणारा खेळाडू कपाळावर हात धरून उभा राहतो. बाजू मध्यंतरानंतर बदलतात म्हणून दोन्ही संघांना सारखाच त्रास, हे म्हणणं कागदावर ठीक, पण पहिल्या भागात बारा वाजलेले असतील आणि दुसऱ्यात दीड, तर न्याय होत नाही. म्हणून मधले अडीच तास सोडावेच लागतात.

त्याहून मोठा शत्रू दव. आभाळ निरभ्र असलेल्या रात्री ॲक्रिलिकचा पृष्ठभाग वरच्या मोकळ्या आकाशाकडे उष्णता सोडून हवेपेक्षाही थंड होतो आणि हवेतली ओल त्यावर बसते. थंडीत रात्री आठनंतर बोटाला जाणवतं, नऊला चमकायला लागतं, पहाटे मैदान धुतल्यासारखं असतं. पुसून दहा मिनिटं निघतात, मग पुन्हा तेच. ओल्या ॲक्रिलिकवर वळताना पाऊल सरकलं की घोटा गेला किंवा गुडघा. इथं सकाळी आठच्या आधी आणि रात्री आठनंतर सामना लावू नये, पंचांनी तो लावू देऊ नये. यातून वेळापत्रक निघतं ते असं: ८.००, ९.४५, मग थेट २.००, ३.४५ आणि ५.३०. पाच सामने, सव्वासातला शेवटची शिट्टी.

लोखंडी कैच्यांचं, बाजूंनी मोकळं छप्पर टाकलं तर ऊन, दव, अवकाळी पाऊस तिन्ही प्रश्न एकदम सुटतात. दव का पडत नाही, तर जमिनीला मोकळं आकाशच दिसत नाही. माप ३४ बाय २१ मीटर, कैचीच्या खालच्या दांडीपर्यंत सात मीटर मोकळे. खांब रेषेपासून दोन मीटरच्या बाहेर आणि माणसाच्या उंचीपर्यंत गादी गुंडाळलेले. पत्र्यात पांढऱ्या पारदर्शक पट्ट्या टाकायच्या असतील तर त्या मैदानावर नको, कडेच्या मोकळ्या जागेवर टाका. नाही तर दुपारी मैदानावर उन्हाचे पट्टे पडतात आणि चेंडू उजेड-सावलीत दिसेनासा होतो. लग्नाच्या मांडवाचं कापड इथं कामाचं नाही, सात मीटर उंचीवर ते वाऱ्यात टिकत नाही.

रिंग आणि बोर्डाबाबत थोडक्यात. बोर्ड १.८० बाय १.०५ मीटर, जाड ॲक्रिलिकचे, ठीक आहेत. रिंगची उंची ३.०५ मीटर हवी. उत्तरेची बरोबर, दक्षिणेची पुढून दोन सेंटिमीटर खाली, कारण सरावाला येणारे पोट्टे लोंबकळतात. रिंगला स्प्रिंग नाही. खरा धोका खांबाचा आहे. तो टोकाच्या रेषेला जवळजवळ चिकटून उभा आहे. बोर्ड रेषेच्या १.२० मीटर आत लागतो आणि खांब रेषेच्या दोन मीटर बाहेर हवा, म्हणजे आडव्या दांड्याची लांबी ३.२० मीटर. ले-अप (धावत येऊन रिंगजवळ उडी मारून टाकलेला चेंडू) मारून वेगात निघालेल्या खेळाडूला इथं थांबायला जागाच नाही. पुढे-मागे सरकवता येणारा स्टँड विकत घ्यायचा किंवा स्पर्धेपुरता जिल्ह्यातून आणायचा. नुसती गादी बांधून भागवू नये.

दिव्यांकडे वळू. चार खांब, प्रत्येकी दोन ४०० वॅटचे मेटल हॅलाइड. उजेड मोजायचं माप लक्स: मध्यभागी जेमतेम दीडशे लक्स, कोपऱ्यात साठ. संध्याकाळी साडेपाच-पावणेसहाला सूर्य मावळतो, म्हणजे शेवटचा सामना पूर्ण दिव्यांवर. या उजेडात पास उशिरा दिसतो आणि हातावरचा फाउल पंचाला दिसतच नाही. खेळासाठी पाचशे लक्स तरी हवेत. मोठ्या प्रक्षेपणाला दीड हजार लागतात, तो विचार सध्या नको. ४०० वॅटचे बारा एलईडी, फक्त लांब बाजूंना. रिंगच्या मागे दिवा लावला तर नेम धरताना तो डोळ्यांत जातो.

मेटल हॅलाइड बदलण्याचं दुसरं कारण वीज. क्षणभर वीज गेली तरी तो दिवा थंड झाल्याशिवाय पेटत नाही, दहा ते पंधरा मिनिटं जातात. तेवढ्यात थंडीत खेळाडूंचे स्नायू आखडतात. एलईडी लगेच लागतो. बारा दिव्यांचा भार पाच किलोवॅटच्या आत, त्यात टेबल, ध्वनिक्षेपक धरला तरी १५ केव्हीएचा जनरेटर पुरतो. पाण्याची मोटार त्यावर टाकू नका, ती चालू होताना भार उसळतो आणि दिवे लुकलुकतात. रब्बीच्या ओलिताचे दिवस असतात, डीपीवर ताण असतो, व्होल्टेज संध्याकाळी पडतं. त्यामुळे दिवे सुरुवातीपासूनच जनरेटरवर ठेवा, वीज गेल्यावर धावपळ करू नका.

टेबलावर चार माणसं लागतात: गुणलेखक, साहाय्यक गुणलेखक, वेळाधिकारी आणि २४ सेकंदांचं घड्याळ (शॉट क्लॉक, एवढ्या वेळात संघानं रिंगवर चेंडू मारायलाच हवा) चालवणारा. यातलं शेवटचं काम सगळ्यांत कठीण. चेंडू रिंगला लागून हल्ला करणाऱ्या संघाकडेच परत आला तर १४ वर आणायचं, बचाव करणाऱ्यांकडे गेला तर २४ वर, आणि हे क्षणात. उन्हात शॉट क्लॉकचे लाल आकडे दिसत नाहीत, वरून काळ्या पत्र्याची झापड बसवा. वायर मैदानावरून ओढू नका. इन्व्हर्टर टेबलासाठी वेगळा ठेवा. सगळं बंद पडलं तरी हातानं लिहिलेली गुणपत्रिकाच अधिकृत असते, म्हणून त्या खुर्चीवर अनुभवी माणूस बसवा. माणसं मिळतात. अमरावतीत १९१४ पासून चाललेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळामुळे या भागात शारीरिक शिक्षण शिकलेल्या मुलामुलींचा तुटवडा नाही. त्यांना स्पर्धेच्या दोन महिने आधी तालुक्याच्या शालेय सामन्यांत बसवून हात बसवून घ्या.

इथं एक परदेशी उदाहरण देतो, कारण ते नेमकं या प्रश्नाचं आहे. अमेरिकेत महाविद्यालयीन बास्केटबॉलची सर्वांत मोठी स्पर्धा एनसीएए ही तिथली महाविद्यालयीन खेळांची संघटना घेते, पुरुषांत ६८ संघ. तिची पहिली फेरी, चार सामने, २०११ पासून ओहायो राज्यातल्या डेटन गावी होते, २०२१ चं महामारीचं वर्ष सोडलं तर. डेटनची वस्ती २०२० च्या जनगणनेत १ लाख ३७ हजार होती. यवतमाळ शहर २०११ मध्ये १ लाख १६ हजारांचं, वर्धा १ लाख ६ हजारांचं. डेटनच्या आजूबाजूची वस्ती धरली तर आकडा आठ लाखांवर जातो आणि तिथलं विद्यापीठाचं सभागृह तेरा हजारांवर प्रेक्षकांचं आहे, १९६९ पासून उभं. ती बरोबरी आपण करत नाही. घेण्यासारखं वेगळं आहे. सामने कुठल्याही शहरात असोत, एनसीएए आपली लाकडी जमीन तुकड्यांत नेऊन जोडते, म्हणजे खेळाडूला सगळीकडे पायाखाली सारखंच मिळतं. आणि डेटनला दरवर्षी तेच काम करून हात बसलेली माणसं आहेत. आपल्या तालुक्यांत स्पर्धा दहा वर्षांत एकदा येते, समिती नवी, स्वयंसेवक नवे, चुका त्याच. ज्या गावाला आंतरविद्यापीठ हवं त्यानं सलग तीन वर्षं महाविद्यालयीन स्पर्धा इथं भरवून दाखवावी, मग विद्यापीठाकडे अर्ज करावा.

मुक्कामाला येऊ. संघात १२ खेळाडू, प्रशिक्षक, व्यवस्थापक, म्हणजे १४. सोळा संघांचे २२४, शिवाय पंच आणि टेबलचे पंचवीस. अडीचशे माणूस. संकुलात चाळीस, दोन लॉजमध्ये मिळून साठ, उरले दीडशे. वसतिगृहं डिसेंबरात विद्यार्थ्यांनी भरलेली असतात, त्यांना बाहेर काढून पाहुणे ठेवणं योग्य नाही. राहतात ती मंगल कार्यालयं. इथं दोन आहेत, प्रत्येकी ऐंशी माणूस झोपेल अशी.

गाद्या बिछायत केंद्रातून मिळतात, सहा फुटी. बास्केटबॉल खेळणारी मुलं सव्वासहा-साडेसहा फूट असतात. म्हणून दोन खेळाडूंमागे तीन गाद्या सांगा, आडव्या लावून बसतात. रजई प्रत्येकाला वेगळी, रात्री पारा दहाच्या आसपास उतरतो. दहा जणांमागे एक संडास धरला तर दीडशेंना पंधरा लागतात. एकेका कार्यालयात सहाच आहेत, तीन फिरते मागवा. महिलांची स्पर्धा असेल तर आतून कडी लागणाऱ्या खोल्या, महिला व्यवस्थापक मुक्कामी आणि स्नानगृहापर्यंतच्या वाटेवर दिवा, एवढं झाल्याशिवाय हो म्हणू नये. पुरुष आणि महिला एकाच आठवड्यात घेण्याचा मोह टाळा, हा आकडा दुप्पट होतो आणि सगळंच कोसळतं.

पाणी: अंघोळीला माणशी पन्नास लिटर, अडीचशेंना साडेबारा हजार, म्हणजे पाच हजारांचे अडीच टँकर रोज. गरम पाण्याला लाकडाचे बंब लावा, गीझरवर विसंबू नका. प्यायला माणशी चार लिटर, वीस लिटरचे पन्नास जार. बोअरचं पाणी थेट देऊ नका, आपल्या काही भागांत ते क्षारांनी जड असतं आणि बाहेरच्यांची पोटं बिघडतात. जेवणात आचाऱ्याला एवढंच सांगा की तर्री वेगळ्या भांड्यात ठेव. दक्षिणेच्या संघांना दोन्ही वेळा भात लागतो, उत्तरेच्यांना दूध आणि अंडी. आठच्या सामन्याच्या संघाला साडेपाचला आलूपोहा, केळी, उकडलेली अंडी मिळायला हवीत. हेच नेमकं चुकतं, कारण स्वयंपाकघर सातला जागं होतं.

प्रेक्षकांचा अंदाज: गटसामन्यांना दोनशे-तीनशे, अंतिम सामन्याला हजार-बाराशे. लांब बाजूला ३० मीटरची पाइप-फळ्यांची पाच पायऱ्यांची गॅलरी लावली तर माणशी अर्ध्या मीटरनं तीनशे माणूस बसतं, दोन बाजूंना सहाशे. बाकीचे उभे. कबड्डीच्या सामन्यांना लावतात तीच गॅलरी चालते, पण बांधकाम विभागाच्या अभियंत्याकडून तपासून लेखी घ्या आणि पाइपाचे पाय थेट काळ्या मातीवर टेकवू नका, खाली फळ्या टाका. टोकाच्या रेषेमागे एकही प्रेक्षक नको.

दवाखाना सोपा आहे. ग्रामीण रुग्णालय दहा मिनिटांवर, १०८ ची गाडी सांगून ठेवता येते. एक्स-रे रविवारी चालू असेल याची लेखी खात्री घ्या आणि बर्फ रोज वीस किलो संकुलातच ठेवा, घोट्याला पहिल्या दहा मिनिटांत तोच लागतो.

तारखांचा विचार सगळ्यांत आधी करा. तुळशीचं लग्न झालं की लगीनसराई सुरू होते, कार्यालय, बिछायत, आचारी, जनरेटर काहीच मिळत नाही. डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत धनुर्मासात आपल्याकडे बरेच जण लग्नं लावत नाहीत. तेव्हा हे बरंचसं मोकळं असतं आणि भावही उतरतो. डिसेंबरात नागपूरला विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनामुळे खोल्या मिळणं अवघड होतं, तेव्हा तालुक्याची बाजू उलट बळकट ठरते. अडचण दोन गोष्टींची. जिनिंगपुढे कापसाच्या गाड्यांची रांग लागते, म्हणून स्टेशनहून येणाऱ्या बसला अर्धा तास जास्त धरा. आणि उत्तरेत धुकं असतं, तिकडून येणाऱ्या गाड्या पाच-सहा तासही उशिरा धावतात. त्या विद्यापीठांचे पहिले सामने दुसऱ्या दिवशी दुपारनंतर लावा. १८ डिसेंबर ते १२ जानेवारी यांतले आठ दिवस निवडा, कार्यालयाचा इसार दसऱ्यालाच द्या आणि पावतीवर गाद्या, संडास आणि बंबांचा आकडा लिहून घ्या.